कायदा फेलोशिप, गोवा : एका वर्षाचा लेखाजोखा

कायद्याची पदवी आणि सनद हातात आल्यावर गोव्यातील मुलामुलींपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथील एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे कनिष्ठ म्हणून रुजू व्हायचे आणि पहिली काही वर्षे फायली वाहण्यात व तारखा मागून घेण्यात घालवायची, ही पहिली वाट. न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास करत घरी बसायचे, ही दुसरी. मी यांतली कोणतीच न धरता मानवाधिकारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत वर्षभराची ‘लीगल फेलोशिप’ केली. या वाटेविषयी मराठीतून लिहिलेले मला अर्ज करताना काहीच सापडले नव्हते, म्हणून एखाद्या सेवेचा अभिप्राय लिहावा तसा हा अभिप्राय लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. तेथील माणसांविषयी मला आदर आहे, आणि पुढे जी तक्रार मी करणार आहे ती त्या चार माणसांपेक्षा फेलोशिप या रचनेविषयीच अधिक आहे.

प्रथम पैशांविषयी, कारण घरातल्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. मला दरमहा २८,००० रुपये ठरले होते आणि त्यातून १० टक्के कर कापून उरलेली रक्कम खात्यात येत असे. याला पगार म्हणत नाहीत, व्यावसायिक मानधन म्हणतात, आणि त्यामागे कारण आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील ४९वा नियम असे सांगतो की वकिली करणाऱ्याने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये. फेलोने न्यायालयात उभे राहावे अशी संस्थेची इच्छा असेल, तर तिला नोकरीचे पत्र देता येत नाही. परिणाम असा की भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, आणि आजारपणात गेलेल्या दिवसांचे काय करायचे हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर. मी डिचोलीत घरीच राहत असल्याने खोलीभाडे वाचले. काणकोणहून किंवा सांग्याहून येऊन पणजीच्या आसपास भाड्याने राहणाऱ्याने मात्र हा हिशेब आधी कागदावर मांडून पाहावा. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. माझ्या वर्गातील बहुतेकांना कनिष्ठ वकील म्हणून पहिल्या वर्षी मिळणाऱ्या रकमेपेक्षा हे मानधन बरेच अधिक होते.

मानधन त्याहून का वाढत नाही, हे मला सहाव्या महिन्यात लेखापालांच्या टेबलाशी बसल्यावर कळले. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि अशा देणगीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्या कायद्याखालील नियमांत ‘कायदेविषयक व व्यावसायिक शुल्क’ हे प्रशासकीय खर्चातच मोडते. कायद्याची मदत देणे हेच ज्या संस्थेचे काम, तिच्या वकिलाचे शुल्क जागेच्या भाड्याच्या आणि गाडीच्या देखभालीच्या रांगेत बसते. ही रचना ज्याने कोणी आखली त्याने कधी कैद्याची भेट घेतली नसावी, असे त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

या वर्षातील सर्वात मोलाचा भाग कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात गेला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. आठवड्यातून एक दिवस मी डिचोलीहून अस्नोड्यामार्गे म्हापशाला जाई आणि तेथून दुसरी बस धरून कोलवाळला उतरे. दारावर मोबाइल जमा करायचा, वहीत नाव लिहायचे, आणि कागद व पेन एवढेच घेऊन आत जायचे. विधी महाविद्यालयात आम्ही जामिनावरचे निवाडे पाठ केले होते. हुसैनआरा खातून खटल्याने १९७९ साली खटला सुरू होण्याची वाट पाहत तुरुंगात खितपत पडलेल्यांचा प्रश्न देशासमोर आणला, हे कोणीही विद्यार्थी झोपेतही सांगेल. परंतु जामीन मंजूर झालेला माणूस आतच कसा राहतो, हे मला पहिल्या तीन भेटींत समजले.

मराठीत आपण ‘जामीन मिळाला’ म्हणतो आणि ‘जामीन राहायला कोणी नाही’ असेही म्हणतो. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत कितीतरी माणसे अडकलेली असतात. झारखंडहून आलेला एक तरुण ट्रॉलरवर कामाला होता. किरकोळ चोरीच्या आरोपाखाली त्याला अटक झाली आणि काही दिवसांतच २०,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, व तितक्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार या अटीवर त्याला जामीन मंजूर झाला. स्थानिक जामीनदार म्हणजे गोव्यात घर किंवा जमीन असलेला, ऐपतीचा दाखला आणू शकणारा माणूस. जेट्टीवर झोपणाऱ्या खलाशाला तो कोण मिळणार? त्यातच १ जून उजाडला आणि ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागली. ट्रॉलर नांगरून पडले, सोबतचे खलाशी गावी निघून गेले आणि मालकाने फोन उचलणे बंद केले. मी त्याला भेटले तेव्हा जामिनाचा आदेश होऊन चार महिने उलटले होते, आणि आपल्याला जामीन मंजूर झाला आहे हे त्याला कोणी नीट समजावून सांगितलेले नव्हते.

खरे तर यावर उपाय उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्यापर्यंत पोहोचली पाहिजे, सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवले पाहिजे, आणि महिन्याभरात मुचलका भरला न गेल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. या निर्देशांचा आधार घेऊन आम्ही अर्ज केला, दोन तारखा झाल्या आणि न्यायालयाने जामीनदाराची अट काढून केवळ जातमुचलक्यावर त्याची सुटका केली. अर्ज अडीच पानांचा होता. त्याला चार महिने कोठडीत ठेवणारी अडचण अडीच पानांत सुटली, आणि या गोष्टीचा आनंद मानावा की संताप, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही. त्यानंतरचा प्रसंग अधिक शिकवणारा होता. सुटलेल्या माणसाकडे गावी जायला पैसे नव्हते. वास्कोहून झारखंडमधल्या जसीडीहला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच सुटते. तिच्या तिकिटाचा खर्च संस्थेच्या मंजूर अंदाजपत्रकातील कोणत्याही शीर्षाखाली बसेना. ‘क्षमताबांधणी’साठी पैसे होते, कार्यशाळेच्या जेवणासाठी होते, सुटलेल्या माणसाच्या तिकिटासाठी नव्हते. शेवटी कार्यालयातल्या आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ याच काळात आमच्या रोजच्या वापरात आले. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला मुक्त करावे, इतरांच्या बाबतीत निम्मा काळ धरावा, आणि त्यासाठीचा अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करावा, असे हे कलम सांगते. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि त्याआधीच्या कैद्यांनाही हा लाभ मिळेल हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने एकाहून अधिक गुन्ह्यांचे किंवा एकाहून अधिक खटल्यांचे आरोपी वगळले आहेत, त्यामुळे यादीतील नावे भराभर गळत जातात. प्रत्येक कैद्याचे वॉरंट, कलमे, अटकेची तारीख आणि इतर खटले एका तक्त्यात भरणे हे कंटाळवाणे काम फेलोच्या वाट्याला येते. मी ते मन लावून केले आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण चुकीची एक तारीख म्हणजे कोणाचे तरी महिने असतात.

शिकण्याच्या दृष्टीने या फेलोशिपला मी पूर्ण गुण देईन, निदान पहिल्या सहा महिन्यांपुरते. आमच्या मार्गदर्शक मॅडम दर शनिवारी सकाळी आमचे मसुदे घेऊन बसत आणि लाल पेनाने सर्वप्रथम विशेषणे खोडत. ‘अमानुष’, ‘धक्कादायक’, ‘घोर’ असे शब्द त्यांना अर्जात चालत नसत. “न्यायाधीशांना राग आणायचा असेल तर तारखा द्या, राग आपोआप येईल,” असे त्या म्हणत. पर्वरीच्या उच्च न्यायालयात त्यांच्यामागे बसून ऐकणे हेच एक शिक्षण होते. सातव्या महिन्यापासून मात्र त्या सल्लागार म्हणून महिन्यातून एकदाच येऊ लागल्या आणि त्यांच्या जागी कोणालाच नेमले गेले नाही. उरलेले महिने आम्ही दोघे फेलो एकमेकांचे मसुदे तपासत राहिलो. पोहता न येणाऱ्या दोघांनी एकमेकांना मांडवीत पोहायला शिकवावे, तसा तो प्रकार होता.

दुसरी खटकणारी बाब शब्दांची आहे. न्यायालयात ज्याला आपण अशील म्हणतो, त्याला संस्थेच्या तिमाही अहवालात ‘लाभार्थी’ म्हणतात. अशील वकिलाला प्रश्न विचारू शकतो, त्याच्याकडून कागद परत मागू शकतो, त्याला बदलूही शकतो. लाभार्थ्याला यांपैकी काही करता येत नाही, त्याने फक्त मोजले जायचे असते. देणगीदारांना ‘यशोगाथा’ हवी असे आणि तिच्यासोबत छायाचित्रही. वर सांगितलेल्या खलाशाचे छायाचित्र मागण्यात आले तेव्हा मी नकार दिला. संस्थेने तो नकार मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे भाग आहे. पण त्या तिमाहीच्या अहवालात तो माणूस केवळ ‘१’ या आकड्याच्या रूपाने आला, आणि कलम ४७९च्या तक्त्यासाठी दिलेले सहा आठवडे कोणत्याच रकान्यात आले नाहीत.

सत्तरी तालुक्यातील वनहक्कांच्या कामाविषयी थोडक्यात सांगते, कारण ते माझ्याकडे दोनच महिने होते. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा जमिनीचा ताबा दाखवला की वनहक्क कायद्याखाली दावा उभा राहतो. या यादीत नसलेल्या धनगरांना मात्र त्या तारखेमागच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर राहणाऱ्या दोन कुटुंबांना पुराव्याचे दोन निराळे नियम कसे लागू होतात, हे समजावून सांगताना माझीच जीभ अडखळे. वयोवृद्धांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. अशी निवेदने मी मराठीतून लिहून घेतली, आणि तेथे पहिल्यांदाच माझ्या भाषेचा थेट उपयोग झाला. बाकी राहिली ती या दाव्यांसाठीच्या ग्रामसभेची गणसंख्या. निम्मे सदस्य हजर हवेत. रविवारी सकाळी, शिमग्याच्या तोंडावर, ते कसे जमायचे याचे उत्तर कायद्यात नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. अशील कोकणीत बोलतो, जेट्टीवरचा मजूर हिंदीत, झोपडपट्टीतली लमाणी बाई कन्नडमिश्रित हिंदीत, ग्रामपंचायतीचा जुना कागद मराठीत असतो, घराचा त्याहून जुना दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये, आणि अर्ज इंग्रजीत लिहायचा असतो. पोर्तुगीज कागदाचे भाषांतर पानाच्या हिशेबाने पैसे देऊन करून घ्यावे लागते. फेलोशिपच्या जाहिरातीत ‘इंग्रजीवर प्रभुत्व’ मागितले होते. माझ्या मते त्या जागी ‘कोकणी व मराठी वाचता-बोलता येणे आवश्यक’ असे असायला हवे होते. माझ्यासोबतचा फेलो दिल्लीच्या नामांकित विद्यापीठातून आलेला, बुद्धीने माझ्यापेक्षा तीक्ष्ण होता. परंतु मामलेदार कचेरीत म्हातारी माणसे त्याच्याशी न बोलता माझ्याकडे वळत आणि तो बिचारा फाइल धरून उभा राही.

मामलेदार कचेरीवरूनच मी मूळ तक्रारीकडे येते. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ सालचा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहिलेल्या मुंडकाराला तेथून काढता येऊ नये आणि घर व त्याभोवतीची ठरावीक जागा त्याला विकत घेता यावी, हा त्याचा गाभा. ही प्रकरणे दिवाणी न्यायालयात न जाता मामलेदारांपुढे चालतात. मामलेदारांना निवडणुका आहेत, आपत्ती व्यवस्थापन आहे, दाखले आहेत, मंत्र्यांचे दौरे आहेत, आणि त्यातून वेळ उरला तर मुंडकार आहेत. माझ्याकडे आलेल्या एका वृद्धाच्या प्रकरणाचा रोजनामा मी सुरुवातीपासून वाचला, तेव्हा त्यात ‘पीठासीन अधिकारी अन्य कामात’ या अर्थाची नोंद इतक्या वेळा आली होती की मोजणे सोडून दिले. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाव अजून भाटकाराचेच. मूळ भाटकार वारले, वारस अर्धा डझन, त्यांतले दोघे परदेशी, आणि प्रत्येकाला नोटीस बजावल्याखेरीज प्रकरण पुढे सरकत नाही. “बाय, म्हजें घर म्हज्या नांवार केन्ना जातलें?” म्हणजे माझे घर माझ्या नावावर कधी होणार, असे ते आजोबा दर भेटीत विचारत. त्यांचे वय लक्षात घेता तो प्रश्न साधा नव्हता.

अशा प्रकरणाला एका वर्षाची फेलोशिप लावणे म्हणजे आंब्याचे कलम लावून पुढच्याच मे महिन्यात आढी घालायला बसणे. वारसांच्या नोटिसा बजावून पूर्ण होईपर्यंत माझे नऊ महिने गेले. दहाव्या महिन्यात साक्ष नोंदवायची तारीख पडली आणि ती पुढे ढकलली गेली. बाराव्या महिन्यात मी ‘हस्तांतरण टिपण’ लिहिले, म्हणजे प्रत्येक प्रकरणाची स्थिती, पुढची तारीख, बाकी राहिलेले कागद, अशिलाचा फोन. नवा फेलो माझ्यानंतर सात आठवड्यांनी रुजू झाला. या सात आठवड्यांत ज्या तारखा होत्या त्यांचे काय व्हावे, असे मी विचारले तेव्हा ‘मुदतवाढ मागून घेऊ’ असे उत्तर मिळाले. मुदतवाढीमुळे कोणाचे किती नुकसान होते हे ज्या संस्थेने मला शिकवले, त्याच संस्थेने हे उत्तर द्यावे, याचे वाईट वाटले. त्या आजोबांनी माझ्या आधी दोन फेलो पाहिले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारले होते की तू किती महिन्यांची. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

या रचनेवर उपाय नाही असे नाही. फेलोशिप दोन वर्षांची करता येईल, जुन्या व नव्या फेलोचे दोन महिने एकमेकांवर चढवता येतील, किंवा वकालतनाम्यावर, म्हणजे अशिलाने सही करून दिलेल्या वकीलपत्रावर, फेलोबरोबर संस्थेच्या कायम वकिलाचेही नाव पहिल्या दिवसापासून घालता येईल. शेवटच्या उपायाला एक पैसाही लागत नाही. माझ्या वकालतनाम्यांपैकी बहुतेकांवर माझे एकटीचेच नाव होते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या अशिलांची वकील मी आहे, संस्था नाही. फेलोशिप संपली म्हणून ती जबाबदारी आपोआप संपत नाही. न्यायालयाच्या परवानगीने, अशिलाला कळवून, रीतसर बाजूला व्हावे लागते. अर्ज करणाऱ्याने ही बाब आधी समजून घ्यावी, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती.

मनावर येणाऱ्या ताणाविषयी फारसे लिहीत नाही. कोठडीतील मारहाणीच्या एका तक्रारीवर काम केल्यानंतर मला काही आठवडे झोप नीट लागत नव्हती. संस्थेकडे समुपदेशनाची सोय कागदावर होती आणि मागितल्यावर ती मिळालीही. त्या तक्रारीच्या निमित्ताने एक गोष्ट मात्र कायमची लक्षात राहिली : मानवाधिकार आयोगापुढे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते, नाहीतर आयोगाला चौकशी करता येत नाही. आमच्याकडे ती व्यक्ती अकराव्या महिन्यात आली होती. सारी कागदपत्रे आम्ही चार दिवसांत उभी केली.

तर मग अर्ज करावा का? गोव्यात घर असेल, फौजदारी कायदा प्रत्यक्ष पाहायचा असेल आणि पुढे येथेच वकिली करायची असेल, तर निःसंशय करावा. कोलवाळच्या भेटकक्षात आणि मामलेदारांच्या दाराबाहेरच्या बाकावर जे कळते ते ज्येष्ठांच्या कार्यालयात पाच वर्षांतही कळेल असे मला वाटत नाही. परदेशी शिक्षणाच्या अर्जाला एक ओळ हवी म्हणून येणाऱ्याने येऊ नये, त्याची किंमत त्याला नाही तर अशिलांना मोजावी लागते. मुलाखतीत संस्था तुम्हाला प्रश्न विचारील, तसे तुम्हीही विचारा : मार्गदर्शक वकील आठवड्यातून किती तास उपलब्ध असतात, मागच्या फेलोची प्रकरणे आज कोण चालवत आहे, आणि वकालतनाम्यावर आणखी कोणाची सही असते. तिसऱ्या प्रश्नावर समोरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली, तर दोन दिवस विचार करून उत्तर द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीडपैकी एक पूर्ण गुण त्या सात आठवड्यांचा आहे.

माझी फेलोशिप संपून आता पाच महिने झाले आणि मी म्हापशात एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते. बाकीची प्रकरणे नव्या फेलोकडे रीतसर दिली. आजोबांच्या वकालतनाम्यावरचे नाव मात्र मी काढलेले नाही. माझे सर त्या दिवसापुरती अर्धी सुटी देतात आणि बसभाडे मी माझे घालते. साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात दुसऱ्या गुरुवारी पडली आहे, मामलेदार त्या दिवशी अन्य कामात नसले तर.